मुका कॉम्प्युटर, बोलक्या कॅसेटी

गेल्या दिवाळीत या सदरात आपण जुने फोटो स्कॅन कसे करायचे ते पाहिलं. त्यानंतर गणपतीत, संक्रांतीच्या हळदीकुंकवात, अगदी पार्किंग लॉटमध्येही मला एकच प्रश्न ऐकू आला, "फोटोंचं झालं हो, पण आवाजांचं काय?"

हा प्रश्न माझ्याही घरचा आहे. मी १९८३ साली लग्न होऊन इथे अमेरिकेत आले. तेव्हा साताऱ्याला आमच्या घरी फोन नव्हता, आणि असता तरी इतक्या महागाचे कॉल वरचेवर कोण करणार? मग बाबांनी युक्ती काढली. शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर आणून ते एका कॅसेटमध्ये घरच्या सगळ्यांना बोलायला लावायचे आणि इकडे येणाऱ्या कुणाच्या तरी हाती ती पाठवायचे. अशा अकरा कॅसेटी माझ्याकडे बुटांच्या खोक्यात आहेत. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या बेसमेंटमध्येही असं एखादं खोकं असेल.

२००४ मध्ये मी त्यातल्या चार कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवल्या. मग नोकरी, मुलांच्या शाळा, आणि उरलेल्या सात राहूनच गेल्या. या वर्षी मार्चमध्ये व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "अगं, एका टेपमध्ये तुझी आत्या बोलली होती ना? तिचा आवाज कसा होता तेच आठवेना झालंय मला." आई आता एकोणनव्वद वर्षांची आहे. त्याच संध्याकाळी मी बेसमेंटमधला जुना कॉम्प्युटर पुसूनपासून चालू केला. विंडोज एक्सपी आलं, पडद्यावर ओळखीची हिरवी टेकडीही आली, पण आवाज नाही. कॉम्प्युटर मुका!

जुनाच कॉम्प्युटर कशाला?

कारण त्याच्या पाठीमागे एक निळं छिद्र आहे. त्याला लाइन-इन म्हणतात. टेपडेकमधून येणारा आवाज घेण्यासाठीच ते असतं. आजच्या बहुतेक लॅपटॉपना हेडसेटचं एकच छिद्र असतं, आणि त्यातून आत जाणारा आवाज फक्त माइकचा, तोही मोनो. शिवाय अनेकांची अर्धवट राहिलेली कामं त्या जुन्या डिस्कवरच पडलेली असतात, माझ्यासारखी.

आता हा कॉम्प्युटर मुका का होतो? आवाज करणारा भाग म्हणजे साउंड कार्ड. पण विंडोजला त्या कार्डाची भाषा येत नाही. दोघांच्या मध्ये एक दुभाषा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणायचं. भारतातून आलेली आजी आणि फक्त इंग्रजी बोलणारा नातू यांच्यामध्ये आपण बसतो ना, अगदी तसंच. दुभाषा उठून गेला की दोघंही धडधाकट असून संवाद बंद. विंडोज पुन्हा इन्स्टॉल केलं की हा दुभाषा बऱ्याचदा हरवतो. म्हणून लगेच "कार्ड जळलं" असं म्हणून कॉम्प्युटर रिसायकलिंगला देऊ नका.

आधी कान, मग हात

सुरुवात सोप्या गोष्टींपासून करा. स्पीकरला वीज आहे का? घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चिन्हात 'म्यूट'वर खूण तर नाही ना? मग कॉम्प्युटरची पाठ पाहा. पुष्कळदा तिथे आवाजाच्या छिद्रांचे दोन संच असतात. यूएसबीच्या जवळचा संच मदरबोर्डचा असतो आणि खालच्या आडव्या पट्ट्यांमधला वेगळ्या बसवलेल्या कार्डाचा. आवाज कार्डातून निघतोय आणि स्पीकर मदरबोर्डला जोडलेत, हा घोटाळा फार वेळा होतो. स्पीकर हिरव्या छिद्रात, माइक गुलाबी आणि टेपडेक निळ्या छिद्रात.

त्याच वेळी आणखी एक काम करा. या कॉम्प्युटरची इंटरनेटची वायर काढून ठेवा. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजी संपवला. तेव्हा लागणारं सॉफ्टवेअर नव्या लॅपटॉपवर उतरवायचं, अँटिव्हायरसने तपासायचं आणि पेन ड्राइव्हवरून इकडे आणायचं.

डिव्हाइस मॅनेजर काय सांगतो?

'माय कॉम्प्युटर'वर राइट क्लिक करा, मग 'प्रॉपर्टीज', 'हार्डवेअर' आणि 'डिव्हाइस मॅनेजर'. इथे चारपैकी एक गोष्ट दिसेल.

एक, 'मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर'समोर पिवळं प्रश्नचिन्ह. म्हणजे कार्ड दिसतंय, पण दुभाषा नाही. त्यावर डबल क्लिक केलं तर कोड २८ दिसेल. माझं हेच होतं.

दोन, कार्डाचं नाव आहे, पण पिवळं उद्गारचिन्ह. कोड १० असेल तर ड्रायव्हर आहे, पण कार्ड सुरू होत नाही. बहुधा ड्रायव्हर चुकीचा किंवा बिघडलेला. कोड १२ म्हणजे दोन उपकरणं एकाच जागेवर हक्क सांगतायत.

तीन, लाल फुली. कुणीतरी कार्ड बंद करून ठेवलंय. राइट क्लिक करून 'एनेबल' करा, काम झालं.

चार, काहीच नाही. मग कार्ड सैल झालं असेल किंवा मदरबोर्डवरचा आवाज बायोसमध्ये बंद असेल. कार्ड सैल असेल तर कॉम्प्युटर बंद करा, विजेची वायर काढा, आतल्या धातूच्या सांगाड्याला हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते, आणि कार्ड काढून पुन्हा घट्ट बसवा.

आणि सगळं ठीक दिसूनही आवाज नसेल, तर 'सर्व्हिसेस'च्या यादीत 'विंडोज ऑडिओ' चालू आहे का पाहा. ते 'ऑटोमॅटिक'वर हवं.

योग्य दुभाषा शोधताना

माझी चूक इथे झाली. कार्डाचं नाव मला पाठ होतं, म्हणून त्या नावाचा ड्रायव्हर मी शोधला आणि इन्स्टॉल करायला घेतला. उत्तर आलं की या कॉम्प्युटरवर असं कार्डच नाही! एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली. नंतर लक्षात आलं की दुकानात खोक्यात मिळणारं कार्ड आणि कॉम्प्युटर कंपनीने आतून बसवून दिलेलं कार्ड यांचं नाव एकच असलं, तरी आतली चिप वेगळी असू शकते. सगळे कुलकर्णी काही एका घरातले नसतात.

म्हणून नावावर जाऊ नका, क्रमांक पाहा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या 'डीटेल्स' पानावर 'व्हीईएन' आणि 'डीईव्ही' या अक्षरांपुढे चार-चार आकडे-अक्षरं असतात. पहिला क्रमांक चिप बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा त्या चिपचा. ११०२ म्हणजे क्रिएटिव्ह, १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल. हे 'डीटेल्स' पान दिसत नसेल, तर कार्ड बाहेर काढून त्यावर छापलेला मॉडेल क्रमांक वाचा.

ड्रायव्हर शोधण्याचा क्रम असा ठेवा. आधी कॉम्प्युटरबरोबर आलेली सीडी. ती नसेल तर कॉम्प्युटर कंपनीच्या सपोर्ट पानावर आपला मॉडेल क्रमांक टाकून पाहा. त्यानंतर चिप किंवा कार्ड बनवणाऱ्या कंपनीचं पान. "तुमचे सगळे ड्रायव्हर फुकट अपडेट करतो" म्हणणाऱ्या प्रोग्रॅमच्या वाटेला मात्र जाऊ नका. त्यातले बरेचसे ड्रायव्हरपेक्षा जाहिराती जास्त आणतात.

आमची सीडी कुठे सापडली सांगू? मुलं लहान असताना दिवाळीत आम्ही जुन्या चकचकीत सीडी दोऱ्यात ओवून खिडकीत टांगायचो. माझ्या लेकीने आकाशकंदिलाच्या खोक्यातून ती माळ काढली. बाराव्या सीडीवर 'ड्रायव्हर्स' लिहिलेलं होतं, आणि ती चालली!

बसवताना

आधी 'सिस्टीम रिस्टोअर' उघडून एक रिस्टोअर पॉइंट करून ठेवा. मग अर्धवट बसलेला जुना ड्रायव्हर 'अनइन्स्टॉल' करा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. विंडोज नुकतंच नव्याने टाकलं असेल, तर मदरबोर्डचा चिपसेट ड्रायव्हर आधी आणि आवाजाचा नंतर. २००४ मध्ये इंटेलने 'हाय डेफिनिशन ऑडिओ' आणलं. त्या पद्धतीचा मदरबोर्ड एक्सपीवर चालवायचा असेल, तर मायक्रोसॉफ्टचा 'यूएए बस ड्रायव्हर' आधी लागतो. तो नसला की आवाजाचा ड्रायव्हर बसतच नाही आणि आपण उगाच कार्डाला दोष देतो.

एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा, एवढा नियम पाळा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज आला, तर कशाने आला ते कळत नाही. गेला, तर कशाने गेला तेही कळत नाही.

कुणाकडे विंडोज ९८ किंवा त्याआधीचा कॉम्प्युटर असेल तर थोडं वेगळं आहे. त्या काळच्या लांब आयएसए कार्डांना आयआरक्यू क्रमांक द्यावा लागायचा. आयआरक्यू म्हणजे प्रोसेसरच्या दारावरची घंटा. प्रत्येकाची घंटा वेगळी हवी. प्रिंटरच्या पोर्टची घंटा सहसा ७ क्रमांकाची असते. साउंड कार्डालाही ७ दिला की दोघं एकदम दार वाजवतात आणि आवाज अडखळतो किंवा कॉम्प्युटरच अडकतो. म्हणून साउंड ब्लास्टर जातीच्या कार्डांना बहुतेक वेळा पत्ता २२०, आयआरक्यू ५ आणि डीएमए १ देतात. हेच आकडे 'ऑटोएक्झेक' फाइलमधल्या 'सेट ब्लास्टर' या ओळीतही हवेत.

ड्रायव्हर बसला, तरी टेप मुकी

दुसऱ्या संध्याकाळी विंडोजची सुरुवातीची धून वाजली. आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. टेपडेक जोडला, रेकॉर्डिंग सुरू केलं, आणि पडद्यावर सरळ रेघ. आवाजाचा मागमूस नाही. मी पुन्हा ड्रायव्हर काढायला निघाले तेवढ्यात लेक म्हणाली, "आई, तू त्याला काय ऐकायला सांगितलंयस?"

बरोबर होतं तिचं. व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये 'ऑप्शन्स', 'प्रॉपर्टीज' आणि तिथे 'रेकॉर्डिंग' निवडलं की कॉम्प्युटर कुठून ऐकतोय ते दिसतं. आमचा माइककडे कान लावून बसला होता, आणि माइक जोडलेलाच नव्हता. तिथे 'लाइन-इन' निवडलं आणि रेघ थरथरायला लागली.

पहिल्यांदा आपली मोलाची कॅसेट लावू नका. बाजारातली जुनी, गेली तरी चालेल अशी कॅसेट लावून टेपडेक नीट चालतो का ते बघा. मग घरच्या कॅसेटच्या तोंडाशी पट्टीमागे नमद्याचा छोटा तुकडा शाबूत आहे का पाहा. तो गळून पडला असेल तर आवाज दबका येतो. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घ्या. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, वेव्ह फाइल अशी रेकॉर्डिंगची निवड करा. स्टिरिओत मिनिटाला साधारण १० एमबी, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटला सहाशेच्या थोडं वर. आवाज इतकाच ठेवा की मीटर लाल रंगाला टेकणार नाही. फाइल झाली की लगेच दोन ठिकाणी कॉपी करा. त्या जुन्या डिस्कचा भरवसा धरू नका.

आणि एवढं करूनही कार्ड बोललं नाही तर? लाइन-इन असलेला एक साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस आणा आणि नव्या लॅपटॉपला जोडा. त्यातल्या बहुतेकांना वेगळा ड्रायव्हर लागत नाही. जुनं कार्ड बोलकं करण्यात मजा आहे हे खरं, पण आपल्याला आवाज वाचवायचाय, कार्ड नव्हे.

सहाव्या कॅसेटमध्ये आत्या सापडली. आधी कुकरची शिट्टी, मग बाबांचं खाकरणं, "चालू आहे का रे हे?" असा त्यांचा प्रश्न, आणि मग आत्या. ती बाकी काही नाही, आंब्याच्या लोणच्याचं प्रमाण सांगत होती. मी फाइल आईला पाठवली. तिने ती तीन वेळा ऐकली आणि म्हणाली, "मागे हसतोय तो आपला वसंता. आणि ती बाई म्हणजे समोरच्या वाड्यातल्या काकू." ही दोन माणसं मला ओळखता आली नसती. माझ्या लेकीला तर नाहीच नाही.

म्हणून एक विनंती. ड्रायव्हर पुढच्या वर्षीही मिळेल, यूएसबी इंटरफेसही मिळेल. मागे कोण हसतंय ते सांगणारं माणूस मिळेलच असं नाही. या दिवाळीच्या सुट्टीत खोक्यातली एकच कॅसेट काढा, घरातल्या किंवा फोनवरच्या वडीलधाऱ्यांना ऐकवा आणि कुणाचा आवाज कितव्या मिनिटाला आहे ते वहीत लिहून ठेवा. अंकाचा इंग्रजी विभागच वाचणारी मुलं घरात असतील, तर डिव्हाइस मॅनेजर त्यांच्या हाती द्या. आपल्याला न सुचणारा प्रश्न तीच विचारतात.

पुढच्या दिवाळीत व्हीएचएसच्या टेपांकडे वळू. तोवर तुम्हा सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!