मागच्या लेबलवर सुकं मटण लिहा

हंगाम आटोपल्यापासून आमच्याकडे आलेल्या पत्रांत एकच रडगाणं आहे. टेस्टिंग रूममधला पाहुणा शिराजचा पहिला घोट घेतो, ‘तुरट लागते’ म्हणतो आणि पेला सरकवून ठेवतो. एका बागायतदाराने तर विचारलंय, पुढच्या वर्षी थोडी साखर राखूनच बाटली भरावी का? कृपा करून भरू नका. ब्रिक्स 24 वर गेला म्हणून बी हिरवी असतानाच तोडा केला असेल, तर तो तुरटपणा तुमचा आहे, तो सोसा. पण बऱ्याच बाटल्यांत तसला काही दोष नाही.

एप्रिलच्या दुपारी आम्ही अशाच एका टेस्टिंग रूममध्ये बसलो. बाटली काउंटरवर उघडी, पेल्यात थर्मामीटर धरला तर 29 अंश. सोबत वाटीत तिखट मसाला शेंगदाणे. साडेचौदा टक्क्यांचं अल्कोहोल त्या उष्म्यात सरळ नाकात जातं, मिरचीची आग दुप्पट करतं आणि फळाचा मागमूस राहत नाही. ‘रूम टेंपरेचर’ ही युरोपातल्या गार दगडी घरांची भाषा आहे. आपल्याकडे आधी फ्रीज, आणि पेल्यात 16 ते 18 अंश.

तीच बाटली संध्याकाळी थंड करून सुक्या मटणाबरोबर घेतली. हाडाला लागलेली चरबी, भाजलेलं सुकं खोबरं, काळा मसाला, मिरची बेताची. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं म्हणून तोंड कोरडं पडतं. मांसाची प्रथिनं आणि चरबी मिळाली की ते तिकडे गुंततं. दुसऱ्या घोटाला जांभूळ आलं, त्यामागून काळी मिरी. शिराजमधली मिरी कल्पनेतली नाही. मिरीच्या दाण्यात असतं तेच रोटंडोन तिच्यात असतं, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवलं. काळ्या मसाल्याशी तिचं जमतं ते यामुळे. शाकाहारी टेबलावर शेंगदाण्याच्या कुटाची भरली वांगी द्या. तांबडा रस्सा नको, सुरमई तर मुळीच नको. लाल वाइनमधलं लोह माशाच्या तेलाशी भिडलं की तोंडात उग्र वास राहतो.

आणि आपल्या बाटल्यांवर काय छापलंय? ‘स्टेक आणि जुन्या चीजबरोबर उत्तम.’ गोवंशहत्या बंदीच्या राज्यात!

एका उत्पादकाने ही ओळ बदलायचं ठरवलं. बदललेलं लेबल म्हणजे नव्याने मंजुरी, आणि तीही राज्याराज्यात वेगळी. एका कार्यालयाने फाइल परत पाठवली. शेरा असा, की ‘मटण’ हा घटक असल्यास घटकांच्या यादीत दाखवावा. खुलासा दिला, पुन्हा शेरा आला. दरम्यान जुनी लेबलं संपली आणि भरलेला माल गोदामात लेबलाविना उभा राहिला. वाइन कशाबरोबर प्यावी, हे सांगणारी ओळ म्हणजे घटक नव्हे, एवढं समजायला किती टेबलं लागतात? अल्कोहोलचं प्रमाण, वैधानिक इशारा, बॅच, आकारमान यांची कसून तपासणी करा, आमची हरकत नाही. जेवणाच्या ओळीला नुसती लेखी सूचना पुरेशी धरा.

तोवर हातावर हात ठेवून बसू नका. टेबलावरचं कार्ड तुमच्या हातात आहे, ते आजच बदला. बाटली थंड ठेवा, मसाला शेंगदाणे उचला, चार घासांचं सुकं मटण पेल्याबरोबर द्या आणि त्याचे पैसे घ्या. ज्यांच्या फाइली अशा अडकल्या आहेत त्यांनी शेऱ्यांच्या प्रती पंधरा तारखेपर्यंत आमच्याकडे धाडाव्यात. सगळ्या एकत्र बांधून आम्ही त्या मंत्रालयात घेऊन जाणार आहोत.