जागलीच्या माणसाच्या पाठीखाली काय आहे?

शिरपूर जैन म्हटलं की लोकांना अंतरिक्ष पार्श्वनाथांचं मंदिर आठवतं. देशभरातून यात्रेकरू येतात, धर्मशाळेत गादी-रजई घेऊन झोपतात. गावाची वस्ती संपली की रान सुरू होतं, आणि हिवाळ्यात त्या रानातही माणसं झोपतात. हरभऱ्याला घाटे धरू लागले की रोही आणि रानडुकरं रात्रीची शिवारात उतरतात. डुकरांचा एक कळप सकाळपर्यंत अर्धा एकर नांगरल्यासारखा उकरून ठेवतो. म्हणून कुणी बाप, कुणी मुलगा, कुणी सालदार बॅटरी आणि काठी घेऊन जागलीला जातो.

पिकाचं नुकसान, पंचनामा आणि भरपाई यांवर बरंच लिहिलं जातं, आणि ते लिहिलंच पाहिजे. पण पीक राखणारा माणूस रात्री कशावर झोपतो, कशाखाली झोपतो, हे कुणी विचारत नाही. जागल हे शेतीचंच काम आहे. त्यासाठी लागणारं अंथरूण, डोक्यावरचं छप्पर आणि पांघरूण ही शेतीची अवजारं आहेत. फवारणीचा पंप घेताना आपण चार दुकानं फिरतो. या तीन वस्तूंच्या बाबतीत मात्र घरात जे फाटकं-तुटकं उरलेलं असेल ते रानात जातं. हे बदलायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

विदर्भ म्हणजे ऊन, अशी बाहेरच्यांची समजूत आहे. पण 29 डिसेंबर 2018 रोजी नागपूरला पारा 3.5 अंशांवर उतरला होता, आणि आकडा असतो तो वेधशाळेतला. निरभ्र रात्री उघड्या रानातली जमीन आपली ऊब आभाळाकडे सोडून देते. थंड झालेली जड हवा उताराने वाहत जाऊन नाल्याच्या काठी, खोलगट जागी साचते. त्यात गव्हाला पाणी दिलेलं असेल तर सगळं वावर ओलं. म्हणून पहिला नियम जागेचा. नाल्याकाठी झोपू नये. चार पावलं वर, बांधाजवळच्या उंचवट्यावर, शक्यतो झाडाखाली जागा धरावी. झाडाची सावली रात्रीही कामाची असते, कारण झाडाखाली ऊब टिकते आणि दव कमी पडतं.

दुसरा नियम अंथरुणाचा, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथेच. माझा पुतण्या पुण्याला नोकरी करतो, सह्याद्रीत भटकतो. एकदा जानेवारीत तो त्याची नायलॉनची झोळी घेऊन आला, शहरात तिला हॅमक म्हणतात. बांधावरच्या दोन कडुनिंबांना ती बांधून तो महागड्या स्लीपिंग बॅगमध्ये शिरला. मध्यरात्र उलटल्यावर उठून म्हणाला, ''काका, वरून घाम येतोय आणि पाठ मात्र बर्फ झालीय.'' मी आमच्या आईच्या हातची जाड वाकळ घेतली आणि झोळीच्या आत न घालता बाहेरून, खालच्या बाजूला, चारही कोपऱ्यांना सुतळी लावून सैल बांधली. वाकळ झोळीला हलकेच टेकलेली, दाबली न जाणारी. मग तो उजाडेपर्यंत झोपला.

यातलं कारण साधं आहे. ऊब कापसात नसते, पिसांतही नसते. त्यांच्यात अडकलेली हवा स्थिर राहते, ती ऊब धरते. अंगाच्या भाराने खालचा थर दाबला गेला की हवा निघून जाते आणि जाडजूड स्लीपिंग बॅगही पाठीखाली कापडाच्या घडीएवढीच उरते. झोळीखालून वारा वाहतो, तो उरलेली ऊब घेऊन जातो. परदेशात झोळीत झोपणारे आता मुद्दाम खालून टांगायची रजई विकत घेतात. जुन्या आरमारातले खलाशीही टांगलेल्या झोळीत पातळ गादी घालून झोपत. आपल्या सुतळीच्या किंवा नायलॉन पट्टीच्या बाजेचंही तेच आहे. खालून मोकळा वारा, आणि आपण मात्र अंगावर एकावर एक दोन ब्लँकेटं ओढत बसतो.

म्हणून पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर ते पाठीखाली खर्च करावेत. बाजेवर सोयाबीनच्या वाळल्या कुटाराने भरलेली दोन पोती पसरली की निम्मं काम होतं. पोती ठासून भरू नयेत. कुटार दमट झालं की बदलावं. ते जमत नसेल तर बाजारात मिळणारी फोमची गुंडाळी घ्यावी. ती ओल शोषत नाही आणि भाराने फारशी दबत नाही.

बाज घ्यावी की झोळी? एकाच वावराची राखण असेल तर बाज किंवा मचाणच बरं. ज्याची जमीन तुकड्या-तुकड्यांत आहे, आज इथे तर उद्या तिथे झोपायचं आहे, त्याला झोळी सोयीची. सायकलच्या हँडलला अडकवून नेता येते, ओल्या जमिनीपासून आणि विंचू-सापापासून अंग वर राहतं. पण दहा ते पंधरा फुटांवर दोन भक्कम झाडं हवीत. बारीक दोरीने खोड कापलं जातं, म्हणून रुंद पट्टा वापरावा. झोळी ताणून बांधू नये, थोडी सैल सोडावी आणि तिच्यात तिरकं झोपावं, म्हणजे पाठ सरळ राहते. बसल्यावर पाय जमिनीला टेकतील एवढीच उंची ठेवावी, कारण डुकरांची चाहूल लागली की झटक्यात उठावं लागतं.

डोक्यावर ताडपत्री हवीच, पाऊस नसला तरी. ती दव अडवते आणि उघड्या आभाळाकडे जाणारी ऊबही रोखते. धान्याच्या ढिगाला लागते तेवढी जाड इथे लागत नाही. बारा बाय बारा फुटांची 250 जीएसएमची ताडपत्री सव्वातीन किलोच्या पुढे भरते, 120 जीएसएमची दीड किलोच्या आसपास. रोज ने-आण करणाऱ्याने हलकीच घ्यावी. वाऱ्याच्या बाजूची कड जमिनीलगत बांधावी, दुसरी उंच ठेवावी. चारही बाजू बंद केल्या तर श्वासाची वाफ आतून साचते आणि पहाटे पांघरुणावर टपकते. आणि बंदिस्त ताडपत्रीखाली निखाऱ्यांची शेगडी कधीही ठेवू नये. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेला माणूस झोपेतच जातो. शेकोटी बाहेर, उघड्यावरच.

पांघरूण शेवटी. लोकरीची घोंगडी दवाने दमटली तरी बरीच ऊब धरते, सुती वाकळ भिजली की गार पडते. वाकळ पाठीखाली, घोंगडी अंगावर, ही जोडी उत्तम. पाणी देऊन आलेल्याने ओले कपडे बदलून, पाय पुसून, कोरडे मोजे आणि कानटोपी घालूनच आडवं व्हावं.

कुणी म्हणेल, ओलितासाठी दिवसा वीज मिळाली की रात्रीचं रान सुटेल. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना दिवसा वीज देण्यासाठीच आहे, तिचं मी मनापासून स्वागत करतो. पण त्याने रात्रीचं ओलित थांबेल, डुकरं थांबणार नाहीत. सौर कुंपण हा चांगला उपाय आहे, पण लहान शेतकऱ्याला सगळ्या तुकड्यांना ते घालणं परवडत नाही. तारेत चोरून घरगुती वीज सोडणं हा तर गुन्हा आहे, त्याने माणसं मेली आहेत. म्हणजे जागल अजून बरीच वर्षं राहणार. ''आमच्या बापानं पोत्यावर रात्री काढल्या'' हेही ऐकायला मिळतं. काढल्या, आणि म्हातारपणी कंबर धरून बसलेले बापही आपण पाहिले आहेत.

कृषी विभागाच्या आणि जिल्हा परिषदांच्या योजनांतून ताडपत्री अनुदानावर मिळते, ती धान्य झाकायला. धान्याचा विचार झाला हे चांगलंच. आता ते धान्य राखणाऱ्याचाही व्हावा. वाशिम जिल्हा परिषदेने त्याच योजनेत हलकी ताडपत्री, फोमची गुंडाळी, घोंगडी आणि डोक्याला लावायची बॅटरी असा एक संच बसवावा. यंत्रांवरच्या अनुदानापुढे हा खर्च किरकोळ आहे. आणि सरकारची वाट न पाहता आपल्याला करता येईल असंही काही आहे. पाडव्याच्या सुमारास सालदाराशी बोली होते, पैसे आणि धान्य ठरतं. त्या बोलीत जागलीचं अंथरूण-पांघरूण मालकाने द्यायचं, हेही ठरवून टाकावं. ज्याच्या जागण्यावर आपलं पीक घरी येतं, त्याची पाठ उबदार ठेवणं हे आपलं देणं आहे.