पट्टी बांधणे हेही वैद्यकच

घोट्याच्या आतल्या अंगाची, वर्षानुवर्षे चिघळणारी जखम घेऊन येणाऱ्या रुग्णाच्या पिशवीत मला मलमांच्या नळ्या आणि प्रतिजैविकांच्या चिठ्ठ्या आढळतात, दाबपट्टी क्वचितच. नीलेच्या झडपा निकामी होऊन साचलेल्या रक्ताचा दाब हे या व्रणाचे मूळ. मलम तिथवर पोहोचणार कसे? जंतुसंसर्गाची लक्षणे नसता दिलेली प्रतिजैविकेही व्यर्थच.

घोट्याशी सुमारे ४० मिलिमीटर पारा आणि गुडघ्याकडे कमी होत जाणारा दाब, हे खरे औषध. दाबपट्टीने व्रण लवकर भरतो, असाच निर्वाळा २०२१ च्या कॉक्रेन आढाव्याने दिला. २०१८ च्या 'एव्हरा' चाचणीत सदोष नीलेवर लवकर उपचार केल्याने व्रण आणखी लवकर भरले. परंतु तेथेही दोन्ही गटांना दाबपट्टी होतीच.

अर्थात, आधी धमन्या तपासणे अनिवार्य. घोटा व दंड यांच्या रक्तदाबाचे गुणोत्तर ०.८ हून कमी असल्यास असा जोरकस दाब घातक ठरू शकतो. मधुमेहात धमन्या कठीण झाल्याने हा आकडाही फसवतो.

म्हणूनच हे काम कंपाउंडरवर सोपवून मोकळे होणे मला मान्य नाही. दिवसभर उभे राहून पोट भरणाऱ्या आचाऱ्याचा वा दुकानदाराचा रोजगार या पट्टीवर अवलंबून असतो. व्यवसायबंधूंनी ती स्वतः बांधावी, निदान बांधणाऱ्यास नीट शिकवावी. आणि व्रण भरल्यावरही दाबमोजे सुटू देऊ नयेत.