रहस्यकथेचा न्याय आणि वाहिन्यांचा निवाडा

बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा छोटू ही मंडळी एकेकाळी मराठी घरांत नात्यातल्या माणसांसारखी वावरत होती. साहित्याच्या दरबारात या पुस्तकांना मानाचे पान कधी मिळाले नाही. समीक्षकांनी नाके मुरडली, पालकांनी ती पाठ्यपुस्तकांच्या आड लपवलेली पकडली. तरीही एका अख्ख्या पिढीला वाचनाची गोडी त्यांनीच लावली, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या कथांत खून पडत, पण मेलेला माणूस कागदाचा असे आणि संशयितही कागदाचाच. लेखकाने कोणावरही संशय घ्यावा, त्यात कोणाच्या मुलीचे लग्न मोडत नसे की कोणाची नोकरी जात नसे.

दूरचित्रवाणीचा आरंभही असाच होता. मुंबई दूरदर्शनवरील ‘एक शून्य शून्य’ किंवा १९९८ साली सुरू झालेली ‘सीआयडी’ या मालिका घरातल्या सर्वांनी एकत्र बसून पाहिल्या. पुढे ‘क्राइम पेट्रोल’, ‘सनसनी’ असे कार्यक्रम आले आणि खऱ्या गुन्ह्यांची नाट्यरूपे रोजच्या जेवणाबरोबर वाढली जाऊ लागली. गुन्ह्याची बातमी देऊ नये असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. दडपलेला गुन्हा उघड करणे हे वृत्तपत्राचे कर्तव्यच आहे. आमचा आक्षेप निराळा आहे. खऱ्या माणसांना घेऊन रहस्यकथा रचण्याचा आणि शेवटच्या पानावरचा खुनीही आपणच ठरवण्याचा जो अधिकार वाहिन्यांनी परस्पर घेतला आहे, त्याविषयी तो आहे.

१६ मे २००८ रोजी नोएडात एका तेरा वर्षांच्या मुलीची तिच्याच घरात हत्या झाली. घरातील नेपाळी नोकर बेपत्ता होता. झाले! खुनी सापडला. दिवसभर त्याच्या नावाचा उद्घोष झाला. दुसऱ्या दिवशी त्याच घराच्या गच्चीवर त्याचाही मृतदेह मिळाला. एवढ्या प्रसंगाने तरी लाज वाटावी आणि शब्द आवरावेत, अशी अपेक्षा होती. घडले ते उलटेच. आठवडाभरात एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने पत्रकार परिषद घेतली. मृत मुलीचे नावही त्याला धड घेता आले नाही, पण तिच्या चारित्र्याविषयी बोलायला तो कचरला नाही. ते वाक्य वाहिन्यांनी उचलले आणि पुढचे कित्येक महिने ती बालिका, तिचे आईवडील आणि तो मेलेला नोकर यांच्यावर दररोज नवी कथा रचली गेली. ज्या संस्कृतीत मृताविषयी वाईट बोलू नये असे घरातली आजी नातवाला शिकवते, तेथे हे घडले.

डिसेंबर २०१० मध्ये पुरेसा पुरावा नाही म्हणून सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. तो न स्वीकारता खटला चालला आणि २०१३ मध्ये आईवडिलांना जन्मठेप झाली. १२ ऑक्टोबर २०१७ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष मुक्त केले. त्या निकालपत्रात न्यायमूर्ती अरविंदकुमार मिश्रा यांनी खालच्या न्यायाधीशांवर जो ठपका ठेवला, तो प्रत्येक संपादकाने वाचावा. इतस्ततः विखुरलेल्या घटनांना चित्रपट दिग्दर्शकाप्रमाणे ओढूनताणून एका सूत्रात बसवण्याचा प्रयत्न झाला, असे त्यांनी म्हटले. पाच वर्षे देशभर एकच कथानक ऐकवले जात असताना न्यायासनावरील माणूस त्यापासून संपूर्ण अलिप्त राहील, असे गृहीत तरी कसे धरायचे?

हिंदुत्वाच्या चळवळीला हा अनुभव नवा नाही. २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटानंतर साध्वी प्रज्ञासिंह आणि लेफ्टनंट कर्नल पुरोहित यांच्याविषयी ‘सूत्रांच्या’ हवाल्याने काय काय छापले गेले, हे वाचकांना सांगावयास नको. आरोपपत्र दाखल होण्याआधीच ‘भगवा दहशतवाद’ हा शब्द पुरोगामी म्हणवणाऱ्या माध्यमांनी रूढ करून टाकला होता. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडले. त्या स्फोटात सहा जण मृत्युमुखी पडले होते. अपराधी कोण, याचे उत्तर त्यांच्या आप्तांना सतरा वर्षांनंतरही मिळाले नाही, हेही तितकेच खरे.

मात्र न्यायाचे माप एकच हवे. २०२० साली सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर स्वतःला राष्ट्रवादी म्हणवणाऱ्या वाहिन्यांनी त्याच्या मैत्रिणीला ज्या पद्धतीने फासावर चढवले, त्याला वेगळे नाव देता येणार नाही. २०२५ च्या मार्चमध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दिला. तिचे तुरुंगातले दिवस कोणी परत करणार आहे काय? मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्येच या प्रकाराला न्यायदानातील हस्तक्षेप म्हटले होते. गुन्ह्याचे प्रसंग उभे करून दाखवू नयेत, साक्षीदारांच्या मुलाखती घेऊ नयेत, पोलिसांपुढील कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य नसतो हे प्रेक्षकांना सांगितल्याशिवाय तो प्रसिद्ध करू नये, अशी नियमावलीच न्यायालयाने घालून दिली. तरीही २०२२ च्या वसईच्या तरुणीच्या हत्येत आरोपपत्रातील मजकूर दाखवू नका, असे दिल्ली उच्च न्यायालयाला वाहिन्यांना बजावावे लागले. त्या हत्येने महाराष्ट्र संतापला होता आणि तो संताप रास्तच होता. पण साक्षीदार आधीच पडद्यावर बोलून बसला, की उलटतपासणीत आरोपीच्या वकिलाला आयते हत्यार मिळते. मुलीच्या बापाच्या हाती मात्र काही लागत नाही.

वाहिन्यांचे चालक दर्शकसंख्येकडे बोट दाखवतात. लोकांना हवे ते आम्ही देतो, असे म्हणतात. अर्नाळकरांनाही लोकांना हवे तेच द्यायचे होते, पण त्यासाठी त्यांना शेजाऱ्याचे प्रेत लागले नाही. ज्याला रहस्य रंगवायचे आहे त्याने खुशाल कादंबरी लिहावी, मालिका काढावी. मराठीत आज चांगल्या रहस्यकथेची चणचणच आहे. खटला चालू असेतो मात्र त्यातील पात्रे न्यायालयाच्या ताब्यात असली पाहिजेत.

नोएडाच्या त्या घरातला नोकर पुढच्या सगळ्या कथानकांत हळूहळू पुसट होत गेला. त्याच्या विधवा पत्नीने उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. आपल्या नवऱ्याला कोणी मारले, एवढेच तिला विचारायचे होते.