सुट्टीतील हलके वाचन

वार्षिक परीक्षा आटोपली, की घराघरांतील दिवसाचे मान एकाएकी बदलते. एरवी घाईघाईने उठणारी मुले ऊन अंगणात येईपर्यंत अंथरुणात लोळू लागतात. सकाळ खेळण्यात जाते, संध्याकाळ हिंडण्यात जाते. दुपारचे तीन-चार तास मात्र घरातच काढावे लागतात. बाहेर ऊन रणरणत असते, रस्ते ओस पडलेले असतात, वडीलधारी मंडळी वामकुक्षी करीत असतात आणि वाळत घातलेल्या कुरडया-पापडांची राखण कोणाच्या तरी गळ्यात पडलेली असते. अशा वेळी घरातील एखादे मूल थंड फरशीवर पालथे पडून पुस्तक वाचताना दिसते. ते पुस्तक कोणी नेमून दिलेले नसते. त्यात कोणा भोळ्या गृहस्थाची फजिती असते, एखाद्या चोराचा पाठलाग असतो किंवा चंद्रावरची सफर असते. वाचता वाचता ते मूल एकटेच खुदकन हसते आणि पलीकडून प्रश्न येतो, ‘‘काय वाचतोस रे? अभ्यासाचे काही आहे का?’’

ह्या प्रश्नात रागापेक्षा काळजीच अधिक असते, हे मान्य केले पाहिजे. मुलांचा वेळ वाया जाऊ नये, असे कोणत्या आईबापांना वाटत नाही? म्हणूनच कोठे पुढील इयत्तेची पुस्तके आधीच आणून ठेवतात, कोठे सुट्टीतही शिकवणी लावतात, तर कोठे थोर पुरुषांची चरित्रे रोज इतकी पाने ह्या हिशेबाने वाचावयास लावतात. हेतू शुद्ध आहे. परंतु त्याच्या मुळाशी असलेली समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. ज्या वाचनास कष्ट पडत नाहीत, त्या वाचनापासून लाभही होत नाही, अशी ती समजूत होय.

मराठीत ‘हलके’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. कापड हलके आहे असे दुकानात कोणी म्हणाले, तर ते कमी प्रतीचे आहे असे समजावे. परंतु फुलका हलका झाला, तर तो करणाऱ्या हाताची वाखाणणीच होते. आजारातून उठलेल्या माणसास हलके अन्न देतात, ते कमी प्रतीचे म्हणून नव्हे. पचण्यास सोपे आणि तरीही अंगी लागणारे म्हणून. जिवाभावाच्या माणसाशी चार शब्द बोलल्यावर मन हलके होते, तेव्हा त्या मनाची किंमत उतरत नाही. त्यावरचे ओझे उतरते. पुस्तकांची पारख करताना मात्र लोक पहिला अर्थ मनात धरतात आणि दुसरा विसरतात. हलके पुस्तक म्हणजे हीन पुस्तक, असे मानण्याची चूक येथेच होते.

वास्तविक हलके पुस्तक लिहिणे हे हलके काम नाही. मराठी वाङ्मयाचा इतिहास पाहिला, तर असे लेखन करणारे पुष्कळ लेखक मोठे विद्वान होते, असे आढळून येते. कृष्णशास्त्री चिपळूणकर (१८२४–१८७८) हे संस्कृतचे पंडित. कालिदासाचे ‘मेघदूत’ त्यांनी मराठीत आणले, मराठी व्याकरणावर लेखन केले आणि त्याच लेखणीने अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टीही मराठी वाचकांपुढे ठेवल्या. चिमणराव आणि गुंड्याभाऊ ह्या अजरामर जोडीचे जनक चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) हे पाली भाषेचे आणि बौद्ध वाङ्मयाचे गाढे अभ्यासक होते. बडोद्यास ते अध्यापन करीत. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर (१९३८–२०२५) ह्यांनी १९७४ साली आपली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस पाठविली, ती टोपणनावाने. आपल्या नावाचे दडपण परीक्षकांवर येऊ नये, हा त्यातील हेतू. त्या कथेस पहिले पारितोषिक मिळाले आणि पुढे कृष्णविवरे, धूमकेतू ह्यांसारखे गहन विषय त्यांच्या कथांतून मुलांच्या ओळखीचे झाले. एवढ्या मोठ्या माणसांना असे लेखन करण्यात कमीपणा वाटला नाही. मग मुलांना ते वाचण्यात कमीपणा का वाटावा?

हलक्या पुस्तकांचा पहिला लाभ असा, की त्यांच्यामुळे वाचनाचा सराव होतो. वाचन ही सवय आहे, आणि कोणतीही सवय पुष्कळ वेळा केल्याने अंगवळणी पडते. अवघड पुस्तक वाचताना ओळीओळीस अडखळावे लागते. एक पान संपेपर्यंत जीव थकून जातो. सोपे आणि गोड पुस्तक असले, म्हणजे मूल एका दुपारी पन्नास पाने सहज वाचून काढते. पुढे काय झाले, ह्या ओढीने डोळे झपझप धावतात. अक्षरे जुळवावी लागत नाहीत, शब्द आपोआप ओळखीचे होतात. एखादा अनोळखी शब्द आला, तरी मागच्यापुढच्या वाक्यांवरून त्याचा अर्थ उमगतो आणि तो दुसऱ्यांदा भेटला, की आपलासा होतो. म्हणींचा रोख, बोलण्यातील नर्म विनोद, वाक्याचा डौल ह्या गोष्टी व्याकरणाच्या नियमांनी तेवढ्या कळत नाहीत, जेवढ्या अशा वाचनाने कळतात.

खेड्यातील मुले उन्हाळ्यातच विहिरीत पोहावयास शिकतात. पहिल्या दिवशी पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून त्यांना पाण्यात सोडतात. त्या भोपळ्यास कोणी हसत नाही. कारण त्याच्याच आधाराने पाण्याची भीती जाते. हलकी पुस्तके हा वाचनाच्या विहिरीतील भोपळाच होय. परंतु एवढ्यावरच थांबले, तर त्यांच्यावर थोडा अन्याय होईल. पोहता येऊ लागले, की भोपळा सोडून द्यावा लागतो. हलके पुस्तक मात्र मोठेपणीही सोडावे लागत नाही. दिवसभराच्या कामाने शिणलेला शेतकरी, कारकून किंवा डॉक्टर रात्री दिव्याखाली विनोदी लेख वाचून हसतो, तेव्हा तो काही शिकत नसेल. पण तो ताजातवाना होतो. निर्मळ आनंद ही स्वतःच एक मोलाची वस्तू आहे. तिच्याकडे दर वेळी दुसऱ्या कशाची तरी पायरी म्हणून पाहू नये.

दुसरा लाभ ह्याहून मोठा आहे. पाठ्यपुस्तकातील धडा संपला, की त्याखाली प्रश्न असतात. ते असणे योग्यच आहे. शाळेचे ते कामच आहे. परंतु ज्या मुलाने जन्मभर प्रश्नांसाठीच वाचले, ते मूल प्रश्न विचारणारे कोणी उरले नाही, म्हणजे वाचणे बंद करते. शेवटची परीक्षा संपल्यावर ज्यांनी पुन्हा पुस्तक हाती धरले नाही, अशी सुशिक्षित माणसे समाजात थोडी नाहीत. त्यांना वाचता येत नाही असे नव्हे. वाचावेसे वाटत नाही. सुट्टीत स्वतःच्या इच्छेने निवडलेल्या पुस्तकाखाली कोणतेही प्रश्न नसतात. ते आवडले नाही तर अर्धवट सोडता येते, आवडले तर सलग तीनदा वाचता येते, मधली पाने गाळून शेवट आधी पाहता येतो. हे स्वातंत्र्य वरवर क्षुल्लक दिसते. पण ‘हे पुस्तक माझे आहे’ अशी भावना त्यातूनच निर्माण होते. आज्ञेने केलेले वाचन आज्ञेबरोबर संपते. आवडीने केलेले वाचन आयुष्यभर सोबत करते.

शिवाय हलक्याफुलक्या पुस्तकांतून जग कळत नाही, असे कोठे आहे? पु. ल. देशपांडे ह्यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली प्रसिद्ध झाली. ज्या मुलाने मुंबई कधी पाहिली नाही, त्यालाही ती चाळ, तिचे जिने, तिच्यातील नाना स्वभावांची माणसे ओळखीची वाटू लागतात. पानोपानी हसविणारे ते पुस्तक शेवटी ‘एक चिंतन’ ह्या प्रकरणात हळूच गंभीर होते आणि बदलत्या काळात मागे पडत चाललेल्या एका जीवनाविषयी मनाला हुरहूर लावते. भा. रा. भागवतांनी निर्माण केलेला फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजेच फास्टर फेणे, अंगाने किडकिडीत; पण संकटात उडी घेण्यास सदैव तयार. धैर्य हे देहाच्या आकारावर अवलंबून नसते, हा उपदेश भागवत कोठेही करीत नाहीत. परंतु वाचणाऱ्या मुलास तो समजल्यावाचून राहत नाही. उपदेश दिसत नाही, म्हणूनच तो मनात उतरतो.

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. छापलेले सर्वच चांगले, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. काही पुस्तके हलकी नसतात. ती खरोखर हीन असतात. कोणाच्या गरिबीची, जातीची, बोलीची किंवा शारीरिक व्यंगाची टवाळी करून हसविणारी पुस्तके, क्रूरतेचे कौतुक करणारी पुस्तके ह्या वर्गात मोडतात. दोहोंतील फरक ओळखण्याची कसोटी अवघड नाही. चिमणरावाची फजिती वाचताना वाचक हसतो. पण पुस्तक मिटल्यावर चिमणराव त्याला अधिकच जवळचा वाटतो. हीन पुस्तक मिटल्यावर मात्र कोणाविषयी तरी तुच्छता मनात उरते. हलके पुस्तक मनाचा भार कमी करते. हीन पुस्तक माणसाची किंमत कमी करते. तसेच, केवळ हलकेच वाचीत राहावे, असाही ह्याचा अर्थ नव्हे. रोज नुसती खीर खाऊन शरीर धष्टपुष्ट होत नाही. परंतु वाचनाची भूक एकदा लागली, की ती आपणहून अधिक कसदार अन्न शोधू लागते. भूक लागण्यापूर्वीच पंचपक्वान्नांचे ताट बळजबरीने पुढे करण्यात काहीच शहाणपण नाही.

मात्र ह्या आनंदाची वाटणी सर्वत्र सारखी नाही. पुष्कळ मुलांना सुट्टीतही शेतात, दुकानात किंवा घरकामात हात द्यावा लागतो. मुलींच्या वाट्यास हे काम बहुधा अधिकच येते. त्यांना सबंध दुपार मिळत नाही, अर्धा-पाऊण तास मिळतो. त्या तेवढ्या वेळात जड ग्रंथ उघडवत नाही. एखादी छोटी गोष्ट मात्र वाचून होते. म्हणजे हलक्या पुस्तकांची खरी गरज ज्यांना सवड थोडी, त्यांनाच जास्त आहे. आणि नेमकी त्यांच्याच घरी पुस्तके नसतात.

अशा मुलांपर्यंत पुस्तके कशी पोहोचावीत? महाराष्ट्रात वाचनालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ साली स्थापन झाले. सातारा जिल्ह्यातील भिलार ह्या गावी तर ४ मे २०१७ रोजी, म्हणजे ऐन सुट्टीत, ‘पुस्तकांचे गाव’ सुरू झाले. स्ट्रॉबेरी पिकविणाऱ्या त्या गावातील लोकांनी आपल्या राहत्या घरांच्या खोल्या पुस्तकांसाठी मोकळ्या केल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यास तेथे बसून हवे ते पुस्तक वाचण्याची मुभा दिली. परंतु प्रत्येक मूल भिलारला जाऊ शकत नाही. त्याच्या सर्वांत जवळचे पुस्तकांचे कपाट असते ते शाळेत. आणि पुष्कळ ठिकाणी ते नेमके सुट्टीत कुलूपबंद होते. वर्षभर मुलांना वाचण्यास वेळ नसतो, तेव्हा पुस्तके उघड्यावर. वेळ मिळतो, तेव्हा पुस्तके कुलपात, अशी ही विपरीत व्यवस्था आहे.

ती बदलणे फारसे खर्चाचे नाही. शाळेच्या शेवटच्या दिवशी प्रत्येक मुलाने प्रगतिपुस्तकाबरोबर आपल्या आवडीची तीन-चार पुस्तके घरी न्यावीत. मित्रमैत्रिणींनी ती आपापसांत बदलून वाचावीत आणि शाळा उघडताच परत करावीत. काही पुस्तके फाटतील, एखाद-दुसरे हरवेलही. परंतु अनेक हातांतून फिरून फाटलेले पुस्तक हा वाचनालयाचा तोटा नव्हे. ती त्याची मिळकत होय. खरा तोटा असतो तो वर्षानुवर्षे न उघडलेल्या कोऱ्या पुस्तकांचा. आणि पुस्तक देताना एक पथ्य पाळावे: ‘वाचून झाल्यावर सारांश लिहून आण’, असे मुलास सांगू नये.

शाळेत धडे शिकून मूल वाचक होण्यास पात्र ठरते. परंतु ते खरोखर वाचक होते, ते कोणी पाहत नसताना, कोणी सांगत नसताना, निव्वळ मौजेखातर पुस्तक उघडते तेव्हा. म्हणून उन्हाळ्याच्या दुपारी पुस्तकात डोके खुपसून हसणारे मूल दिसले, तर वडीलधाऱ्यांनी त्यास हाक मारू नये. कुरडयांची राखण त्या दिवशी दुसऱ्या कोणी केली, तरी चालण्यासारखे आहे.