पाहुणा कीं गिऱ्हाईक ?

मुंबईस वारंवार येणाऱ्या माणसास "येथील तुमचीं आवडतीं ठिकाणें कोणतीं ?" असा प्रश्न हटकून विचारण्यांत येतो, आणि त्यानें गेटवे, राजाबाई टॉवर व चौपाटी हीं नांवें घेतलीं, म्हणजे विचारणाराचें समाधान होतें. आमचें होत नाहीं. गेलीं तीस वर्षें आम्ही परीक्षांच्या व ग्रंथालयांच्या कामासाठीं महिन्यांतून एकदोनदां या शहरीं येत आहों. आणि आमचा अनुभव असा कीं, पाहण्याचीं स्थळें एकदां पाहिलीं म्हणजे संपतात, बसण्याचीं स्थळें मात्र जन्मभर पुरतात. शहराची पारख त्याच्या देखाव्यावरून न करितां, परक्या माणसास तें दोन घटका स्वस्थ बसूं देतें कीं नाहीं, यावरून करावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हें मत रहिवाशास सहसा पटत नाहीं, कारण त्यास घर आहे. बाहेरून आलेल्याचें काम अकरास आटोपतें आणि गाडी सहाची असते. मधल्या सात तासांत शहराचा जो स्वभाव त्यास कळतो, तो रहिवाशास जन्मांत कळत नाहीं.

आमचीं ठिकाणें अगदीं साधीं आहेत. १८३३ सालीं पुऱ्या झालेल्या टाउन हॉलच्या तीस पायऱ्या चढून खांबांच्या सावलींत उभें राहिलें, कीं समोर हॉर्निमन सर्कलचा बाग दिसतो; दुपारीं तेथें कचेरींतील कारकून आणि हमाल एकाच झाडाखालीं डबा सोडतात. काळ्या घोड्याजवळचें डेव्हिड ससून ग्रंथालय हें दुसरें. टांकसाळींतील व गोदींतील तरुण कारागिरांनीं १८४७ सालीं स्थापिलेल्या संस्थेस १८७० मध्यें ही इमारत मिळाली. तिच्या सज्जांतील लांब खुर्चींत वर्गणीदार सभासदाचा डोळा लागला, तरी त्यास कोणी उठवीत नाहीं. शेजारीं १९५२ पासूनचें जहांगीर कलादालन आहे. तेथें चित्रें पाहण्यास दाम पडत नाहीं.

याच दालनांतील चिंचोळ्या ओसरींत १९६४ पासून चालत आलेलें 'समोवार' हें उपाहारगृह २०१५ मध्यें बंद झालें. टी. एन. शानभाग यांनीं १९४८ सालीं सुरू केलेलें 'स्ट्रँड' हें पुस्तकांचें दुकान २०१८ मध्यें मिटलें. या दोहोंसाठीं आम्हांस विशेष हळहळ वाटते. तीं दुकानेंच होतीं, हें आम्ही विसरत नाहीं. परंतु एका चहावर दोन तास बोलत बसणारास, किंवा दहा पुस्तकें चाळून एकही न घेणारास, तेथें कोणी उठ म्हणत नसे. तीं गिऱ्हाइकास पाहुण्याप्रमाणें वागवीत. आज जी रीत पडत आहे ती नेमकी उलट आहे : जेथें आपण पाहुणे असावयाचे, तेथेंही आपणांस गिऱ्हाईक करण्यांत येत आहे.

उदाहरण दूर नाहीं. भायखळ्याचा राणीचा बाग १८६२ सालीं लोकांस खुला झाला. २०१६ मध्यें तेथें पेंग्विन पक्षी आणिले, आणि २०१७ मध्यें प्रौढांचें प्रवेशशुल्क ५ रुपयांवरून एकदम ५० रुपये झालें. आईबाप व दोन मुलें यांस मिळून १०० रुपयांची सवलत ठेविली, हें आम्ही प्रामाणिकपणें नमूद करितों. कोणी म्हणेल, पक्ष्यांस थंडावा पुरविण्यास पैसा लागतो. लागतो खरा, मग तो पक्ष्यांच्या दारीं घ्यावा. दीडशें वर्षांच्या झाडांच्या सावलीस पेंग्विनांचा खर्च कां सोसावा लागतो, याचें उत्तर आम्हांस आजवर कोणीं दिलेलें नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, जागा फुकट ठेविली म्हणजे निरुद्योगी लोकांची गर्दी होते. हे निरुद्योगी कोण ? परळ-भायखळ्याच्या इस्पितळांत आप्तांस घेऊन आलेलीं, तपासणीचा कागद हातीं येईपर्यंत दिवसभर ताटकळणारीं माणसें. नोकरीच्या मुलाखतीस आलेला परगांवचा मुलगा. आणि, खरें सांगावयाचें तर, आम्ही स्वतः. यांपैकीं कोणीही चैनीसाठीं बसत नाहीं. त्या इस्पितळाबाहेरच्या बाईस पन्नास रुपयांची सावली विकत घ्यावयास सांगणें, यास आम्ही व्यवस्था म्हणत नाहीं. मरीन ड्राइव्हचा कठडा सर्वांस मोकळा आहे, असें यावर सांगण्यांत येतें. आहे, पण वैशाखांतल्या दुपारीं तो तव्यासारखा तापतो, आणि आषाढांत त्यावर लाटा येतात.

आमचें मागणें मोठें नाहीं. बागेचें शुल्क वेगळें व प्राण्यांचें वेगळें असावें, आणि बागेचें नाममात्र असावें; इस्पितळांजवळ व स्टेशनांजवळ छपराखालीं बाकें असावींत; आणि एखादी नवी इमारत बांधितांना तिच्या ओसरीवर कोणास बसतां येईल, हा प्रश्न तिच्या उंचीइतक्याच आस्थेनें विचारला जावा.

आमच्याकडे खेड्यांतील गरिबांतल्या गरीब घरींही पाहुणा दारीं आला म्हणजे पहिला शब्द 'बसा' हा असतो. पाणी, गूळ, विचारपूस हें सर्व मागाहून. ज्या शहराचा पहिला शब्द 'काय घेणार ?' असा झाला, त्यानें आपल्या टोलेजंग इमारतींचीं चित्रें आम्हांस खुशाल दाखवावींत. त्यास आतिथ्यशील मात्र म्हणवून घेऊं नये.