आमची पावती का फाडत नाही?

मार्च महिन्यात जालन्यात बसस्टँडजवळच्या एका हॉटेलात प्राध्यापक संघटनेचे एक पदाधिकारी भेटले. ओळखीचे आहेत, चळवळीतले आहेत, चौदा एप्रिलला आम्ही एकाच मंचावर असतो. त्यांच्या पिशवीत वार्षिक वर्गणीचं पावती पुस्तक होतं. माझ्याबरोबर भोकरदन तालुक्यातला एक मित्र होता. नेट झालेला, पीएच.डी. झालेला, आठ वर्षांपासून तासिका तत्त्वावर शिकवणारा. त्याने खिशातून पाचशेची नोट काढली आणि म्हणाला, "सर, माझी पण पावती फाडा."

सर हसले. "तुमची कशाला? तुम्ही आधी पर्मनंट व्हा, मग मीच घरी येऊन फाडतो."

नोट परत खिशात गेली. चहाचे पैसे मात्र सरांनीच दिले.

त्या हसण्याबद्दल लिहायचं आहे. माणूस वाईट नाही, म्हणून तर जास्तच लिहायचं आहे. संस्थाचालक आम्हाला शिक्षक मानत नाही हे समजू शकतं, त्यात त्याचा पैसा वाचतो. सरकार मानत नाही हेही समजतं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये 'शिक्षक' या शब्दाची व्याख्याच पूर्णवेळ आणि मान्यताप्राप्त शिक्षकापुरती आहे. म्हणजे वर्गात आठ वर्षं उभा राहिलेला माझा मित्र कायद्याने शिक्षक नाही, आणि अधिसभेच्या शिक्षक मतदारसंघात त्याला जागा नाही. पण जी संघटना शिक्षकांच्या हक्कासाठी म्हणून उभी आहे, तिनेही सरकारचीच व्याख्या आपल्या दाराला लावावी?

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते पाठच असेल. २०२२ च्या शासन निर्णयाने पदवीच्या तासिकेचा दर ९०० रुपये झाला. आठवड्याला नऊ तासिका धरल्या तर चार आठवड्यांचे ३२,४०० होतात. कागदावर. दिवाळीची सुट्टी, परीक्षा, गॅदरिंग, निवडणुकीची सुट्टी, यातला एकही दिवस त्यात धरला जात नाही आणि उन्हाळ्यात तर काहीच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी तासिकेला १५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० असा दर सांगितला होता. तो आपल्याकडे कागदावरही आला नाही. मी स्वतः एका महाविद्यालयात दोन वर्षं समाजशास्त्र शिकवलं. पहिल्या वर्षाचे पैसे दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर मिळाले. मुलाखतीत बिंदुनामावलीचा कुणी उच्चारही केला नाही. पद भरलंच नाही, नुसते तास भरले, की आरक्षणाचा प्रश्न कोण विचारणार?

आता बाबासाहेबांकडे येऊ. मंचावरचा प्रत्येक वक्ता त्यांच्याकडे येतो, पण १९२८ च्या गिरणी संपाकडे सहसा कुणी वळत नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खातं चांगल्या पगाराचं होतं आणि तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. अडवणारा मालक नव्हता, सोबतचा सवर्ण कामगार होता. तुटलेला धागा जोडताना तोंडाने ओला करावा लागे, त्यात विटाळ होतो म्हणे. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना स्पष्ट सांगितलं, की हे खातं आमच्या माणसांना खुलं करण्याची मागणी तुमच्या यादीत नसेल तर आमचा माणूस तुमच्या संपात नसेल. पुढाऱ्यांनी कुरकुरत ती मागणी घेतली. कामगारांची एकजूट हवी असेल तर आधी कामगारांमधल्या भिंतीला हात घाला, हा त्यातला मुद्दा होता. विद्यापीठातल्या विणकाम खात्याचं नाव 'मान्यताप्राप्त पूर्णवेळ' असं आहे.

कुणी म्हणेल, हे जातीचं नाही, सेवाशर्तीचं आहे. मान्य, तासिकेवर सगळ्या जातींची पोरं आहेत. मराठ्यांची आहेत, धनगरांची, वंजाऱ्यांची आहेत, मुस्लिमांचीही आहेत. पण संस्थेला द्यायला ज्याच्याकडे पैसे नाहीत, तोच वर्षानुवर्षं तासिकेवर राहतो. पैसे कुणाकडे नाहीत हे जालना जिल्ह्यात कुणी कुणाला सांगायची गरज नाही.

२०१३ मध्ये एम्फुक्टोने फेब्रुवारीपासून मेपर्यंत परीक्षांवर बहिष्कार टाकला होता. मी तेव्हा विद्यार्थी होतो, वैताग आम्हालाही झाला. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि १९९१ ते २००० या काळात लागलेल्या बिगर नेट-सेट अध्यापकांच्या सेवा, हे त्यातले मोठे प्रश्न होते. त्या लढ्याला माझा विरोध नाही. पण एक साधा हिशोब मांडतो. नेट-सेट नसलेल्या सहकाऱ्यासाठी संघटना तीन महिने उभी राहू शकते, मग नेट-सेट खिशात घेऊन फिरणाऱ्या तासिकेवाल्याला सभासद करायला तिला काय अडतं? मागणीपत्रात 'तासिकेचे मानधन वाढवा' हे कलम असतं, नाही असं नाही. पण ते कलम आमच्यासाठी दुसऱ्याने लिहिलेलं असतं. वाटाघाटीत सर्वांत आधी कोणतं कलम सोडायचं हे ठरतं, तेव्हा आम्ही खोलीत नसतो.

आता आपल्याच माणसांना दोन शब्द. तासिकेवरच्या मित्रांना 'कामगार संघटना' म्हटलं की राग येतो. "आपण प्राध्यापक आहोत, हमाल नाही." अरे, मोंढ्यातल्या हमालाला माथाडी कायदा आहे, १९६९ पासून आहे. तुला काय आहे? डोक्याने काम करणारा वरचा आणि हाताने करणारा खालचा, ही शिकवण कुणाची, हे आपल्याला नव्याने सांगायला हवं का? गोव्यातल्या एका शिक्षिकेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, ए. सुंदरम्बाळ यांचा, १९८८ चा निकाल. शिक्षण देणं हे उदात्त व्रत आहे, म्हणून शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने कामगार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. व्रत म्हटलं की मजुरी मागता येत नाही. 'सेवा' म्हणत आपल्या बापजाद्यांकडून फुकट काम कसं करून घेतलं गेलं, ते आठवून बघा. तरी त्या निकालाने संघटना बांधण्याचा हक्क गेलेला नाही. तो संविधानाच्या कलम १९(१)(ग) मध्ये आहे, आणि त्यात पूर्णवेळ-अर्धवेळ असा भेद नाही.

आणि बाबासाहेब स्वतः १९२५ ते १९२८ या काळात मुंबईत बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत अर्धवेळ व्याख्याते होते. आजच्या व्याख्येने तेही 'शिक्षक' ठरले नसते, आणि आमच्या सरांनी त्यांचीही पावती फाडली नसती.

त्यांच्या कोलंबिया विद्यापीठाचंही ऐका. २३ ऑगस्ट २०१६ रोजी अमेरिकेच्या राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाने कोलंबियाच्याच प्रकरणात निर्णय दिला, की शिकवण्याचं आणि संशोधनाचं काम करणारे विद्यार्थी कर्मचारीही आहेत, त्यांना युनियन करता येते. (२३ ऑगस्ट हा आपल्या मराठवाडा विद्यापीठाचा स्थापना दिवस. योगायोगच.) विद्यापीठ म्हणत होतं, ते तर विद्यार्थी, शिकतायत. पुढे २०२१ च्या नोव्हेंबरपासून सुमारे दहा आठवडे ते विद्यार्थी संपावर होते आणि करार घेऊनच उठले. आपल्याकडे 'कमवा व शिका'मधला पोरगा ग्रंथालयात पुस्तकं लावतो, बागेला पाणी घालतो, आणि तास कापले गेले तर कुणाकडे जायचं हे त्याला ठाऊक नसतं. तो लाभार्थी समजला जातो. संशोधक विद्यार्थी मार्गदर्शकाचे तास घेतो, पेपरचे गठ्ठे मोजतो. फेलोशिप अडकली की आझाद मैदानावर एकटाच बसतो. हे काम नसेल तर काम कशाला म्हणायचं?

"तासिकेवाल्यांनी वेगळी संघटना काढावी," असा सल्ला सर मंडळी देतात. काढल्या, निघतातही. ज्याची नेमणूकच जूनपासून मार्चपर्यंत, त्याची संघटना एप्रिलमध्ये कोण चालवणार? अध्यक्षालाच पुढच्या जूनमध्ये बोलावणं येत नाही, संपला विषय. ज्याला काढून टाकता येत नाही त्याने पुढे उभं राहायचं आणि ज्याला काढता येतं त्याने मागून बळ द्यायचं, संघटना यासाठीच असते.

म्हणून मागणी अशी. ज्या संघटनेच्या घटनेत सभासदत्वासाठी 'मान्यताप्राप्त पूर्णवेळ' हे शब्द असतील, तिथून ते काढा. तासिकेवाल्याची वर्गणी त्याच्या एका तासिकेइतकी ठेवा, मताचा अधिकार पूर्ण द्या. कार्यकारिणीत त्यांच्यासाठी जागा राखा, आणि नेमणुकीतल्या खंडात सभासदत्व तुटू देऊ नका. संशोधक आणि 'कमवा व शिका'च्या विद्यार्थ्यांसाठी सहयोगी सभासदत्वाने सुरुवात करा. यासाठी मंत्रालयात जावं लागत नाही, पुण्याला संचालकांना भेटावं लागत नाही. सर्वसाधारण सभेत एक ठराव लागतो.

मित्राची यंदाची नेमणूक मार्चअखेर संपली. जूनमध्ये पुन्हा जाहिरात, पुन्हा अर्ज, पुन्हा झेरॉक्सचा गठ्ठा. सरांना त्याचा नंबर मी पाठवून ठेवला आहे. घर भोकरदन रस्त्यालाच आहे, पावती पुस्तक घेऊन या.